जनरल इंजिनिअरिंग घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतः याच पदवीचा. पुढची बरीच वर्षं कमिशनिंगमध्ये गेली, म्हणजे उभी राहिलेली यंत्रणा पहिल्यांदा चालू करून देण्याच्या कामात. प्रवेशाचे दिवस आले की विद्यार्थी आणि पालक विचारायला येतात. प्रश्न दर वर्षी जवळजवळ तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

जनरल इंजिनिअरिंगमध्ये नेमकं शिकवतात काय?

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल अशा एकाच शाखेत पहिल्या दिवसापासून न शिरता सगळ्यांचा सामाईक पाया शिकवतात: गणित, यंत्रशास्त्र, संरचना, पदार्थ, थर्मोडायनॅमिक्स, द्रव-वायूंचे प्रवाह, सर्किट, कंट्रोल सिस्टिम (यंत्राला हवं तसं आपोआप चालवणारी व्यवस्था), प्रोग्रॅमिंग आणि डिझाइन. हा पाया किती वर्षं चालतो, ते विद्यापीठागणिक बदलतं. केंब्रिजमध्ये पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखीच असतात, शाखा पुढच्या दोन वर्षांत धरायची. ऑक्सफर्डमध्ये याच धाटणीच्या अभ्यासक्रमाला इंजिनिअरिंग सायन्स म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजात तर पदवीवर शाखेचं नावच नसतं, नुसतं ‘इंजिनिअरिंग’.

फ्रान्समध्ये ही परंपरा आणखी जुनी आहे. पॅरिसची एकोल सांत्राल 1829 साली निघाली. तिथे ‘जनरलिस्ट इंजिनिअर’ ही ओळख लोक मानाने सांगतात. गुस्ताव आयफेल 1855 मध्ये तिथूनच बाहेर पडला. त्याचा विशेष विषय होता रसायनशास्त्र, आणि नाव झालं ते लोखंडी पुलांनी आणि एका मनोऱ्याने.

पहिलं वर्ष तर सगळीकडेच कॉमन असतं. मग यात वेगळं काय?

ते कॉमन वर्ष म्हणजे प्रवेशद्वार. वर्ष संपलं की प्रत्येक जण आपापल्या शाखेच्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. खऱ्या जनरल इंजिनिअरिंगमध्ये विषयांची एकमेकांशी गाठ घालून देतात, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही चालू राहतं.

इथे एक खबरदारी घ्या. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत शाखा न ठरवलेल्या नवख्या विद्यार्थ्यांच्या गटालाच ‘जनरल इंजिनिअरिंग’ म्हणतात. ती पदवी नव्हे, प्रतीक्षागृह आहे. माहितीपत्रकात हे दोन्ही एकाच नावाने दिसतात, आणि अर्ज भरून झाल्यावर फरक कळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

हे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं नाही का?

होऊ शकतं. अभ्यासक्रम वाईट असेल तर तसंच होतं: प्रत्येक शाखेतला एकेक विषय उचलून टोपलीत टाकायचा आणि टोपलीला पदवी म्हणायचं.

चांगल्या अभ्यासक्रमात काय होतं, ते एका समीकरणावरून सांगतो. गाडीचं सस्पेन्शन घ्या. त्यात वस्तुमान आहे, हालचाल शमवणारा डँपर आहे आणि परत खेचणारी स्प्रिंग आहे. आता रेडिओतलं स्टेशन पकडणारं सर्किट घ्या. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स लिहा, डँपरच्या जागी रेझिस्टन्स आणि स्प्रिंगच्या कडकपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. समीकरण अक्षरशः तेच! गाडी खड्ड्यानंतर किती वेळ हिंदकळेल आणि रेडिओ शेजारचं स्टेशन किती चांगलं गाळेल, ही एकाच गणिताची दोन उत्तरं आहेत.

याच्या पुढची पायरी मला जास्त आवडते. वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल जुलै 1940 मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून कोसळला. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत हे अनुनादाचं, म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या तालात धक्के बसून हलणं वाढण्याचं, उदाहरण म्हणून छापलं गेलं, पण वारा काही ठरावीक तालात धक्के देत नव्हता. पुलाची स्वतःची पिळवटच वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेत होती, म्हणजे त्याच समीकरणातलं डँपिंग उणे झालं होतं. हलणं शमण्याऐवजी दर फेरीला वाढत गेलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ऑसिलेटर, म्हणजे स्वतःहून दोलत राहणारं सर्किट, बनवताना आपण नेमकं हेच मुद्दाम करतो. अ‍ॅम्प्लिफायरने सर्किटमधला रेझिस्टन्स खोडून काढायचा, की दोलन आपोआप सुरू होतं. पूल पाडणारी आणि ऑसिलेटर चालवणारी गोष्ट एकच आहे, हे ज्या दिवशी उमगतं त्या दिवशी हे विषय चिंध्या राहत नाहीत.

उष्णतेचंही तसंच. एका बंद पेटीत 20 वॅट उष्णता टाकणारी चिप आहे. चिपपासून पेटीतल्या हवेपर्यंतचा उष्णतेचा रोध वॅटमागे 2 अंश आहे. म्हणजे चिप हवेपेक्षा 40 अंशांनी गरम होणार. पेटीतली हवा 45 अंश असेल तर चिप 85 वर जाईल. मर्यादा 80 ची असेल तर रोध 1.75 पर्यंत खाली आणायला हवा, म्हणून मोठा हीटसिंक लावा किंवा पंखा बसवा. हा ओहमचाच नियम आहे. विजेच्या प्रवाहाच्या जागी उष्णतेचा प्रवाह आणि व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक, एवढाच बदल.

गणित किती लागतं?

बरंच. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, संख्याशास्त्र. वर सांगितलेली सगळी गंमत गणितातूनच दिसते, त्यामुळे इथे पळवाट नाही. मात्र गुण कमी असणं आणि गणित नकोसं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर इलाज असतो.

प्रोजेक्ट कसले असतात?

माझ्या मते विद्यापीठ निवडताना सगळ्यात आधी हेच बघावं. हार्वी मडमध्ये ‘क्लिनिक’ नावाची पद्धत 1960 च्या दशकापासून चालू आहे. विद्यार्थ्यांचा छोटा गट बाहेरच्या कंपनीने आणलेल्या खऱ्या अडचणीवर वर्षभर काम करतो. त्या अडचणीला पुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर नसतं. कंपनीचा माणूस मध्येच मागणी बदलतो, मागवलेला सुटा भाग वेळेवर येत नाही, गटातला एक जण कामच करत नाही. नोकरीत जे भोगायचं असतं त्याची ही रंगीत तालीम.

नोकऱ्या कोणत्या मिळतात?

दोन शाखांच्या सीमेवर जिथे काम अडतं, तिथे या माणसांची गरज पडते. सिस्टिम्स इंजिनिअर, प्रोजेक्ट इंजिनिअर, प्रॉडक्ट डिझाइन, कमिशनिंग, देखभाल आणि रिलायबिलिटी, ऊर्जा सल्लागार, रोबोटिक्स, वैद्यकीय उपकरणं, तांत्रिक विक्री, पेटंटचं काम. काही जण व्यवस्थापन सल्लागार कंपन्यांत किंवा वित्तक्षेत्रात जातात, कारण तिथे आकड्यांना न घाबरणारा माणूस हवा असतो.

सीमेवरचं काम म्हणजे काय, हे दोन दुर्घटनांवरून कळेल.

17 जुलै 1981 ला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एका हॉटेलातले अधांतरी लटकवलेले पादचारी पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून आलेली एकच सलग सळई वरच्या आणि खालच्या, दोन्ही पुलांच्या तुळयांमधून जात होती. जोडणी सोपी व्हावी म्हणून त्या सळईच्या दोन केल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. कागदावर बदल किरकोळ दिसतो. आता अशी कल्पना करा की एका दोराला दोन माणसं लटकली आहेत आणि दोघांनीही दोर धरला आहे. मग खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले. दोरावरचा भार तेवढाच राहिला, पण वरच्या माणसाच्या मुठीवर दुप्पट झाला. वरच्या पुलाच्या तुळईखालचा नट म्हणजे ती मूठ. आराखडा करणारे आणि पोलाद बनवणारे यांच्यामध्ये हा बदल मंजूर झाला, पण तो जोड नव्याने तपासलाच गेला नाही.

दुसरी घटना 1999 ची. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोचलं आणि हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या (यानाच्या छोट्या इंजिनांच्या) धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं, घेणारं ते न्यूटन-सेकंद समजत होतं. फरक सुमारे 4.45 पटींचा. दोन्हीकडची माणसं आपापल्या कामात तरबेज होती. मधल्या सांध्यावर मात्र कोणाची नजर नव्हती. त्या सांध्यावर बसायचं काम म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग.

माझ्या वाट्याला आलेली गोष्ट एवढी भव्य नाही. एका ठिकाणी नवा सेंट्रिफ्यूगल पंप चालू केला की काही मिनिटांत मोटर ट्रिप व्हायची. इलेक्ट्रिकलवाल्यांनी मोटर तपासली, ठणठणीत. मेकॅनिकलवाल्यांनी पंप उघडला, तोही ठणठणीत. दोन दिवस एकमेकांवर ढकलाढकली झाली. पाइपलाइनचा लांबचा भाग तेव्हा जोडलेला नव्हता, म्हणून आम्ही पाणी जवळच्याच टाकीत सोडत होतो. सगळ्यांना वाटत होतं, पाइप आखूड म्हणजे पंपाला काम हलकं. प्रत्यक्षात अडथळा कमी झाल्यामुळे प्रवाह ठरल्यापेक्षा कितीतरी वाढला होता आणि अशा पंपात प्रवाह वाढला की मोटरवरचा भारही वाढतो. पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळला, अँपिअर खाली आले, ट्रिपिंग थांबलं. यात हुशारी फारशी नव्हती. पंपाचा आलेख आणि मोटरचा ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर बंद करणारं उपकरण), दोन्ही शिकलेला माणूस तिथे उभा होता इतकंच.

कंपन्यांना ही पदवी कळते का?

खरं सांगायचं तर सगळ्यांना नाही. अर्जाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये शाखांची यादी असते आणि तिच्यात आपली शाखा नसते. माझ्या पहिल्याच मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, “ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही नेमके काय? मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल?” मी पाच मिनिटं पदवीची महती सांगितली आणि नोकरी गेली. पुढच्या ठिकाणी हाच प्रश्न आला तेव्हा म्हणालो, “कंट्रोल सिस्टिम. आणि जे कंट्रोल करायचं त्या यंत्राचंही मला कळतं.” ती मिळाली.

मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी बहुधा शाखेच्या नावाने लागते. छोट्या कंपन्यांत आणि स्टार्टअपमध्ये एकच माणूस चार कामं करतो, त्यामुळे तिथे ही पदवी चटकन समजते.

मग एक विषय खोल करायचाच का? आणि कधी?

करायचाच. या सगळ्या उत्तरांत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: नुसत्या रुंदीवर पहिली नोकरी मिळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, फार तर तिसऱ्याच्या सुरुवातीला एक विषय धरा आणि निवडक विषय, इंटर्नशिप, शेवटचा प्रोजेक्ट हे तिन्ही त्याच दिशेने न्या. बाकीची रुंदी कुठे जात नाही. ती तिसऱ्या-चौथ्या नोकरीत भाव खाते, जेव्हा हाताखाली वेगवेगळ्या शाखांची माणसं येतात आणि कोण थापा मारतंय ते ओळखायचं असतं.

कोणता विषय? आवडीचा, हे आलंच. पण अजिबात सुचत नसेल तर कंट्रोल आणि ऑटोमेशन, ऊर्जा किंवा एम्बेडेड सिस्टिम (यंत्राच्या आत बसवलेला छोटा कॉम्प्युटर) यांच्याकडे बघा. हे विषय मुळातच दोन-तीन शाखांच्या खांद्यावर उभे आहेत, त्यामुळे तुमची रुंदी तिथे पहिल्या दिवसापासून कामी येते.

बायोडेटात काय लिहू?

‘बहुविद्याशाखीय ज्ञान, उत्तम संवादकौशल्य’ असं लिहिलेला बायोडेटा वाचणारा माणूस त्या ओळीवर थांबत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘बॅटरी पॅकसाठी तापमान मोजणारं सर्किट बनवलं, त्याच्या आकड्यांवरून पंख्याचा वेग ठरवणारा प्रोग्रॅम लिहिला, पूर्ण भारावर पॅकचं तापमान 61 वरून 48 अंशांवर आणलं.’ एका वाक्यात सर्किट, प्रोग्रॅमिंग आणि उष्णता तिन्ही आले, आणि आकडाही आला. आकडा तुमचाच असू द्या. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पगार शाखेच्या पदवीधरांपेक्षा कमी असतो का?

पगार पदवीच्या नावापेक्षा क्षेत्रावर ठरतो. जनरल इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेलेला तिथला पगार घेतो, बांधकामात गेलेला तिथला. सुरुवातीला नोकरी शोधायला थोडा जास्त वेळ लागू शकतो, त्याची तयारी ठेवा.

पदवीला मान्यता असते का? परवाना मिळतो का?

अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असेल तर मिळतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर 1989 चा वॉशिंग्टन करार महत्त्वाचा. त्यात सामील असलेल्या देशांच्या मान्यता संस्था एकमेकांनी मान्य केलेल्या इंजिनिअरिंग पदव्या मोठ्या अंशी समतुल्य मानतात. शाखेचं नाव तिथे आडवं येत नाही. अमेरिकेतली एबेट ही मान्यता संस्था जनरल इंजिनिअरिंग आणि इंजिनिअरिंग सायन्स अशा नावांच्या अभ्यासक्रमांनाही मान्यता देते.

परवान्याची वाट देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत पहिली एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षा शाखावार असते आणि तिच्यात ‘अन्य शाखा’ असाही पर्याय आहे, तो या विद्यार्थ्यांच्या सोयीचा. पुढची पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा मात्र ठरावीक शाखेतच द्यावी लागते. ब्रिटनमध्ये चार्टर्ड इंजिनिअर व्हायचं तर मान्यताप्राप्त एमइंजी (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) पदवी शैक्षणिक अट पूर्ण करते, त्यानंतर अनुभव आणि मुलाखत.

पूल, इमारती, धरणं यांच्या आराखड्यांवर सही करण्याचं स्वप्न असेल तर मात्र थेट सिव्हिलला जाणंच सोपं.

पुढे मास्टर्स करता येतं का?

येतं, आणि बरेच जण तेव्हाच शाखा पक्की करतात. एक अडचण येते. मास्टर्सच्या विभागाला ठरावीक विषय आधी झालेले हवे असतात. एखाद्याला पॉवर सिस्टिममध्ये जायचं असतं आणि त्याने इलेक्ट्रिकल मशिन्स शिकलेलंच नसतं. म्हणून जिथे जायचं त्या विभागाची पूर्वअट तिसऱ्या वर्षातच वाचून ठेवा, म्हणजे तो विषय चौथ्या वर्षी घेता येईल.

सॉफ्टवेअरमध्ये जाता येईल?

येईल. पण पहिल्या दिवसापासून तेच ठरलं असेल तर कॉम्प्युटर सायन्स घ्या. उगाच वळसा कशाला?

ही पदवी कोणी घेऊ नये?

ज्याला आतापासून नक्की माहीत आहे की चिप डिझाइन करायचं आहे, किंवा जहाजंच बांधायची आहेत, त्याने. त्याला इथली दोन वर्षं उधळल्यासारखी वाटतील. आणि निर्णय पुढे ढकलायला मिळतो एवढ्याचसाठी जो येतोय, त्यानेही. इथे निर्णय टळत नाही, फक्त तो माहिती हातात आल्यावर घेता येतो. ढकलतच राहिलं तर चौथ्या वर्षी एकदम अंगावर येतो.

माझ्या मुलीला यंत्रं खोलून बघायला आवडतात, पण शाखा ठरत नाही. तिला चालेल का?

तिला विचारा, यंत्र खोलल्यावर ती कशापाशी रमते. मोटर आणि गिअरपाशीच वेळ जात असेल तर मेकॅनिकल तिला पुरेल. सर्किटच्या पट्टीवरच नजर खिळत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. बटण दाबल्यापासून चाक फिरेपर्यंतचा सगळा प्रवास तिला शोधायचा असेल, तर ही पदवी तिच्यासाठीच आहे. आणि निर्णय तिला घेऊ द्या. चार वर्षं वर्गात तिलाच बसायचंय.

प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला काय विचारू?

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी कोणते विषय निवडता येतात, आणि ते खरोखर दर वर्षी चालतात की फक्त यादीत छापलेले असतात? दुसऱ्या विभागाचे विषय घ्यायचे तर जागा राखून ठेवतात, की तिथले विद्यार्थी भरून उरलं तरच मिळतात? मान्यता नेमकी या पदवीला आहे, की विद्यापीठाच्या दुसऱ्या कुठल्या शाखेला? पुढे शाखेत बदल करायचा झाला तर वर्ष वाया जातं का?

हे विचारून झालं की कार्यशाळा बघायला मागा, आणि जमलं तर संध्याकाळी जा. दिव्याखाली कोणी काही बनवत बसलेलं दिसलं तर त्याच्या शेजारी दहा मिनिटं बसा आणि त्यालाच विचारा.